शेपटीवालं अक्षर

नऊशेवरून थेट एकाच्या खाली! हॉलमधल्या दोनशे माणसांनी टाळ्या पिटल्या आणि यंत्राच्या कांड्या हातात धरूनच माझी धाकटी जाऊ रडायला लागली.

"जाऊबाई, गेली माझी साखर! आता सुई बंद!"

सकाळचं इन्सुलिन तिनं घेतलंच नव्हतं. हे साखर घालवायचं शिबिर भरवणाऱ्या महाराजांचा तसा हुकूमच होता.

चमत्कार असा: दोन कांड्या ओल्या हातांत धरायच्या, की यंत्राच्या काचेवर 'दोषांक' उमटतो. हिचा नऊशे. मग महाराजांनी डोळे मिटले, "दोषा, सूक्ष्मात जा, सूक्ष्मात जा" म्हणत यंत्राचं बटण फिरवलं. आकडा शून्य पॉइंट नऊ!

मी दुसरीपर्यंत शिकलेय. पण चाळीस वर्षं शिवणाचं दुकान चालवतेय, चुकलेला टाका मला लांबून दिसतो. नऊशेशेजारी शेपटीवालं अक्षर होतं. आता शेपटी गायब!

शेजारी सून होती. ती लॅबमध्ये रक्त तपासते. तिला कोपरानं ढोसलं. "शेपूट कुठं गेलं गं?"

ती बघतच राहिली. "आई, शेपटीवालं म्हणजे मायक्रो, दहा लाखावा भाग. बिनशेपटीचं मिली, हजारावा. नऊशे मायक्रो म्हणजेच शून्य पॉइंट नऊ मिली. तेवढंच! आणि यंत्र मोजतंय हातातून जाणारी वीज. साखरेचा संबंधच नाही."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेल्या वर्षी दुकानातल्या नव्या पोरीनं टेपची उलटी बाजू धरली. छाती छत्तीस इंच, हिनं कापली छत्तीस सेंटीमीटर. ब्लाउज बाहुलीला झाला, गिऱ्हाईक होतं तेवढंच राहिलं!

मी तडक पुढं गेले. "महाराज, बटण परत फिरवा. मंत्राशिवाय."

"माते, शक्तीची परीक्षा पाहू नये."

"शक्तीची नाही, बटणाची पाहते." आणि मीच फिरवलं. नऊशे. पुन्हा फिरवलं. शून्य पॉइंट नऊ. "बघा रे, मीही महाराज झाले! आंघोळसुद्धा न करता!"

हॉल खदखदून हसला. महाराजांना एकाएकी मौनव्रत आठवलं.

जाऊ मात्र फुरंगटली. "चारचौघांत माझी शोभा केलीत."

"केली. घरी चल, साखर तपासू, डॉक्टरांना फोन करू. मग हवं तेवढं रुस."

साखर तीनशेवर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं तेवढी सुई तिनं मुकाट्यानं घेतली.

बायांनो, कुणी आकडा दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा: कशाचा आकडा, कुठल्या मापात? आणि दाखवणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, बोटांकडे बघा.