नऊ पाहुण्यांचा फरक

१९३७ च्या दिवाळीनंतर रेवदंड्याच्या बंदरावरच्या चौकीत आम्ही दोन कारकून होतो. मी, चांगदेव, चौलच्या वाडीतला, पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेला. दुसरा काळूराम, कोळीवाड्यातला, मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा नापास झालेला. आमची टेबलं समोरासमोर होती. त्यामुळे कोणाकडे कोण येतं हे मला दिवसभर दिसायचं.

त्या हंगामात मुंबईहून एक नवीन काम आलं. परदेशी प्रवासी मोजायचे. तोवर प्रत्येक देश आपापल्या परीने मोजत होता. कोणी हॉटेलातल्या खाटा मोजत, कोणी पासपोर्ट, तर कोणी सरहद्द ओलांडून दुपारचं जेवण करून परत गेलेला माणूसही धरत. अशा आकड्यांची एकमेकांशी तुलना कशी करणार? म्हणून जिनेव्हाला राष्ट्रसंघाच्या आकडेतज्ज्ञांनी एक व्याख्या सुचवली होती. जो माणूस आपल्या नेहमीच्या राहण्याच्या देशाबाहेर निदान चोवीस तास राहतो, तो परदेशी प्रवासी. मला ते वाक्य फार आवडलं. सगळ्या जगाने एकच फूटपट्टी हातात घ्यायची, आणि तिचं एक टोक आमच्या चौकीत.

आमचे वरिष्ठ गुप्तेसाहेब अलिबागेस असत. त्यांनी सांगितलं, "दोघांनी स्वतंत्र वह्या ठेवा. एकमेकांच्या बघू नका. मे महिन्यात ताडून पाहू. ज्याची मोजणी पक्की, त्याचं नाव मी मुंबईच्या आकडेवारीच्या कचेरीसाठी कळवीन. एकच जागा आहे, पण कायमची."

ती जागा माझी आहे, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती.

पहिल्याच आठवड्यात मी मोंबासाहून आलेल्या धर्माजीचं नाव वहीत लिहिलं. हा काळूरामचा मामा, बारा वर्षं आफ्रिकेत राहिलेला, महिन्याभरासाठी बहिणीकडे आला होता. सही करायला त्याच्याबरोबर त्याची बहीण केसर, म्हणजे काळूरामची आई, चौकीत आली.

"माजा भाव परदेशी?" ती म्हणाली. "चांगू, याची नाल कुटं पुरली हाय ती दाखवू काय तुला?"

"मावशी, तो राहतो कुठे ते बघायचं. जन्मला कुठे ते नाही."

"आनि तो आलिबागला येतो तो गोरा सायब?"

"तो मुंबईत राहतो. तो परदेशी नाही."

केसर लेकाकडे वळली. "काळू, यो शिकून आला का शिकून गेला?"

काळूराम हसला. "आये, बरोबर हाय त्याचं. मी पण मामाला लिवलाय."

म्हणजे त्यानेही व्याख्या नीट वाचली होती. मला ते बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

परदेशी माणसं किल्ला, चौलची देवळं, कोर्लईचा डोंगर बघायला यायची. शिडाच्या मचव्यातून उतरली की ती काळूरामकडे जायची. त्याला इंग्रजीची शंभरेक वाक्यं येत असतील, पण ती तो न लाजता बोलायचा. माझं इंग्रजी शुद्ध होतं; माझ्याशी कोणी दोन वाक्यांपुढे बोलत नसे. झुरिकहून आलेला एक वनस्पतिशास्त्रज्ञ दोन दिवस त्याच्याबरोबर खाजणात चिखल तुडवत हिंडला. त्या माणसाशी बोलण्यासारखं माझ्याकडे किती होतं! मी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचंही एक वर्ष केलं होतं. पण तो मला "थँक यू" म्हणून सही करून गेला आणि डिसेंबरात काळूरामला बर्फाच्या डोंगराचं पोस्टकार्ड आलं. पत्ता एवढाच: काळूराम, रेवदंडा. काळूरामने ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं, चित्र माझ्या बाजूला सुलटं दिसेल असं. मुद्दाम नसेल. मला मात्र ते पाच महिने रोज दिसलं.

मी माझी वही घड्याळावर ठेवली होती. पाहुणा सही करायला आला की तास आणि मिनिट. परत निघताना सही केली की पुन्हा तास आणि मिनिट. मग वजाबाकी.

मे महिन्यात आम्ही आकडे सांगितले. माझे बावीस. काळूरामचे एकतीस.

नऊ माणसं जास्त. मी त्याची वही उघडली तेव्हा मला जो आनंद झाला तो लपवणं अवघड गेलं. त्यात वेळ कुठेच नव्हती. 'प्रतिपदा, तुकारामाचा मचवा. द्वितीया, तोच मचवा.' बस्स. झुरिकच्या शास्त्रज्ञाची एवढीच नोंद. माझ्या वहीत त्याच फेरीची नोंद होती: दुपारी २.३० ते दुसऱ्या दिवशी १२.४५, बावीस तास पंधरा मिनिटं. म्हणून मी त्याला वगळला होता.

मी त्याच दिवशी गुप्तेसाहेबांना लिहिलं की काळूराम यांच्या वहीत वेळेचा एकही उल्लेख नसून ते तिथी बदलली की चोवीस तास झाले असं धरतात. असा आकडा जिनेव्हाच्या तक्त्यात जाणं आपल्या कचेरीला शोभणार नाही. शेवटचं वाक्य लिहिताना मला पोस्टकार्ड आठवत होतं, हेही खरं.

साहेबांचं उत्तर आलं: "नऊही नोंदी तुम्हीच तपासा. लेखी अहवाल द्या. मग ठरवू."

तपासायचं तर काळूरामला विचारणं भाग होतं. तो बंदरावर तुकारामाच्या मचव्यापाशी उभा होता. भरती चढत होती.

"तू वेळ का लिहिली नाहीस?" मी विचारलं.

"लिवली हाय की. तिथी म्हंजे वेळच."

"तिथीला दिवस कळतो. तास कसा कळणार?"

त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "बीएस्सी, तू चौलचा ना रे? तिथीची पाऊणपट कर. जो आकडा येल त्या वाजता भरती. अष्टमीला सहा. हे पोरांना पन ठावं."

"बरं. पुढे?"

"मचवा खाडीत येतो कवा? पानी चढताना. भरती पुरी व्हायच्या आदी. भायेर जातो कवा? पानी उतराया लागल्यावर. उलटा कोनी जात न्हाय. वाळूच्या दांड्यावर बसंल. मंग आज दुपारच्या भरतीला आलेला मानूस उद्या दुपारच्या भरतीला गेला, तर किती झालं?"

मला ते आधीच कळलं होतं आणि त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

"उद्याची भरती आजच्यापेक्षा पाऊन तास उशिरा," तो म्हणाला. "म्हंजे चोवीस तास तर झालंच, वर पाऊन. आनि मदल्या भरतीला, पहाटेच्या, जो गेला तो मी धरलाच न्हाय. तसं पाच जन गेलं. तुज्या चिठीत ते बी न्हाय का?"

"कुठल्या चिठीत?"

"गुप्तेसाहेबांनी मला पन तिची नक्कल धाडलीय." तो हसला नाही, रागावलाही नाही. "तू मला विचारला असता तर सांगितला असता."

मग मला माझी चूक दिसली, आणि ती माझ्यासारख्या माणसाचीच चूक होती. पाहुणे उतरून आधी किल्ल्यात फिरायचे, नारळपाणी प्यायचे, मग सावकाश सहीला यायचे. निघताना उलट आधी सही करून ओहोटीची वाट बघत मचव्यात बसायचे. मी माणसाचा मुक्काम मोजलाच नव्हता. माझ्या टेबलापासून माझ्या टेबलापर्यंतचा वेळ मोजला होता, आणि तोही अगदी मिनिटापर्यंत.

छापील भरतीचं वेळापत्रक घेऊन मी तीन दिवस बसलो. नऊही नोंदी तपासल्या. तुकारामाकडून आणि दुसऱ्या मचव्यांच्या तांडेलांकडून मचवे आत-बाहेर झाल्याच्या वेळा विचारून घेतल्या. झुरिकचा शास्त्रज्ञ त्या फेरीत पंचवीस तास तीस मिनिटं राहिला होता. सगळ्यात कमी भरले तेही चोवीस तास अठ्ठावन्न मिनिटं. एकही नोंद खाली आली नाही. प्रत्येक वेळी वजाबाकी करताना, ही तरी चुको, असं मला वाटत होतं.

अहवाल मी प्रामाणिक लिहिला. एकतीस हाच आकडा बरोबर, बावीस चूक, असं स्वच्छ म्हटलं. चार पानं झाली. चंद्राची गती, रोजच्या पन्नास मिनिटांची सरासरी, दोन तक्ते, एक आलेख. वाळूचा दांडा असलेल्या लहान बंदरांत, जिथे शिडाच्या होड्या चढत्या पाण्याने येतात आणि उतरत्या पाण्याने जातात, तिथे घड्याळाशिवायही चोवीस तासांची अट तपासता येते, असा निष्कर्ष. सगळं खरं होतं. 'असे आढळले', 'असे दिसून येते' या शब्दांत काळूराम कुठेच नव्हता. व्याकरणाने मला चांगली साथ दिली.

जूनच्या सुरुवातीला गुप्तेसाहेबांनी मला अलिबागेला बोलावलं. अहवाल त्यांच्या पुढ्यात होता.

"उत्तम," ते म्हणाले. "स्वतःचा आकडा चूक म्हणायला धैर्य लागतं. हा कागद मी वर पाठवतो. दुसऱ्या देशांतही अशी बंदरं असतील. त्यांना उपयोग होईल. पण मला एक सांगा, चांगदेवराव. ही भरतीची युक्ती तुम्हाला सुचली कशी?"

खिडकीबाहेर एक बैलगाडी जात होती. ती पूर्ण जाईपर्यंत मला वेळ होता. 'काळूराम' एवढंच म्हणायचं होतं. पण मला काचेखालचं ते चित्र दिसलं, मचव्यातून उतरून सरळ समोरच्या टेबलाकडे जाणारी माणसं दिसली. एवढं सगळं त्याला मिळतंच आहे, मग हेही?

"चंद्राची गती कॉलेजात शिकलो होतो," मी म्हणालो.

हेही खरंच होतं.

जागा मला मिळाली. काळूरामने बंदरावर माझी ट्रंक मचव्यात चढवून दिली आणि म्हणाला, "तितं पन भरती बघून कचेरीत जाशील काय रे?" तांडेल हसले, मीही हसलो. केसर मात्र हसली नाही. अहवालाची बातमी तिलाही लागली असावी. तिने मला सुक्या बोंबलाची पुडी दिली आणि एवढंच म्हणाली, "चांगू, काळूचा नाव लिवला व्हतास ना त्या कागदात?"

"कागद इंग्रजीत आहे मावशी," मी म्हणालो.

आता मुंबईच्या कचेरीत हंगामात दर महिन्याला कोकणातल्या बंदरांचे तक्ते माझ्या टेबलावर येतात. माझ्या अहवालावरून नवा नमुना छापला आहे. त्यात मचवा आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात मोजणीची पद्धत लिहायची असते, आणि ती कोणाच्या नावाने ओळखायची ते वरून ठरलं आहे. रेवदंड्याचा तक्ता काळूरामच्या हातचा असतो. तो त्या रकान्यात दर वेळी, हुकूम आहे तसं, माझं नाव लिहितो.

रेवदंड्याचा प्रत्येक तक्ता मी भरतीच्या वेळापत्रकाशी दोनदा ताडून पाहतो. बाकीच्या बंदरांचे एकदाच. आतापर्यंत आठ आले. एकातही चूक सापडलेली नाही. शेवटच्या रकान्यातलं नाव खोडून दुसरं लिहायला अर्धं मिनिटसुद्धा लागणार नाही, आणि तो अधिकार या कचेरीत मलाच आहे. मी तक्त्यावर 'तपासले' असा शिक्का मारतो आणि पुढे पाठवतो.