फटीची रुंदी

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि महत्प्रयासाने झोपवलेलं घर दचकलं. तिने धावत जाऊन गॅस बंद केला, कान टवकारले. लेक उठली नव्हती. सुटले, म्हणत ती परत लॅपटॉपपाशी आली.

पडद्यावर 'बदली'चा आलेख होता. चार वर्षांपूर्वी, तिच्या बाळंतपणाच्या रजेत, ही पोरगी प्रयोगशाळेत बदली म्हणून आली आणि तिथेच चिकटली. नाव राहिलं बाजूला, सगळे तिला बदलीच म्हणत. बसायचीही तिच्याच खुर्चीत, खिडकीशेजारी. वर 'ताई, ताई' करत घरी यायची, लेकीला खाऊ आणायची, त्यामुळे धड रागावताही येत नसे. तेच जास्त झोंबायचं.

आज दुपारी बदली अख्ख्या विभागासमोर बोलणार होती. त्यांच्या स्टेलरेटरमध्ये, म्हणजे पिळदार चुंबकांच्या त्या भल्यामोठ्या कड्यात, वायू एवढा तापवायचा की त्यातले आयन, ते विजेने भारलेले कण, एकमेकांवर आदळून एकजीव व्हावेत. पण वर्षानुवर्षं एकच रडगाणं. कितीही उष्णता ओता, आयन एका टप्प्यापुढे तापायचेच नाहीत, कारण आतली खळबळ सगळी ऊब भिंतीकडे पळवून न्यायची. गोठलेल्या हायड्रोजनच्या गोळ्या आत मारल्या तर ही खळबळ निवळेल, हे सुचवलं होतं तिने, लेक पोटात असताना. मारल्या मात्र बदलीने. आणि जुन्या आलेखांच्या कितीतरी वर तापमानाची नवी रेघ जाऊन बसली होती.

खाली निरोप होता : 'ताई, एकदा नजर टाक ना. सर म्हणाले, वर्षातलं सगळ्यात मोठं काम!'

"सगळ्यात मोठं काम," तिने तोंड वेडावलं. तिला सर विचारायचे ते एकच, "काय, घरी सगळं ठीक?"

ती आलेख बघत बसली ते चूक शोधायलाच. आणि सापडली की! रेघ कडेलाही वर होती, अगदी भिंतीलगत, जिथे आयन एवढे तापूच शकत नाहीत. आयन जितके गरम, तितकी त्यांच्या प्रकाशाची रेषा रुंद, आणि त्या रुंदीवरूनच तापमान काढायचं. पण मोजणाऱ्या उपकरणात प्रकाश ज्या फटीतून शिरतो, तिच्यामुळेही रेषा थोडी रुंदावते, तेवढी वजा करावी लागते. उजेड कमी पडतो म्हणून गेल्या आठवड्यात तिनेच फट वाढवली होती. बैठकीत सांगितलंही होतं, पण बदली त्या दिवशी नव्हती. त्यामुळे बदलीने जुनीच फट वजा केली होती. म्हणजे वाढ थोडी आयनांची, बरीचशी फटीची.

सर हे बघता बघता पकडणार. सगळ्यांसमोर. तिला आतून गुदगुल्या झाल्या. तिने फोन पालथा घातला आणि भांडी घासायला घेतली. आपण कुठे काय केलंय? निरोप बघितला नाही, एवढंच.

"आई, हे मावशीचं डोंगराचं चित्र?" लेक उठून केव्हाच खुर्चीवर चढली होती.

"हो गं राणी."

"छान आहे?"

"चुकलंय थोडं."

"मग सांग ना तिला! माझं चुकलं की कशी लगेच सांगतेस."

पातेलं हातातच राहिलं. मग तिने हात पुसले आणि फोन लावला.

"अगं, फट वाढवलीय मी. नवी रुंदी वजा कर, लगेच."

पलीकडे कळफलक खडखडला. मग रडवेला आवाज, "अर्धा डोंगर गेला की गं ताई... पण उरेल थोडा, ना?"

"उरेल. उरलेला खरा असेल."

"वाचवलंस बघ. सगळ्यांना सांगते, चूक तू पकडलीस. आणि गोळ्यांची कल्पनाही तुझीच, हे तर पहिल्याच पानावर घातलंय मी. बघितलंस ना?"

तिने पहिलं पान उघडलंच नव्हतं. "पळ आता, उशीर होईल," म्हणत तिने फोन ठेवला आणि लेकीला कुशीत ओढलं. झोपेतून उठलेलं ते ऊबदार डोकं तिने हुंगलं.

लेक मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"मावशी रडत होती?"

"थोडीशी."

"मग तू का हसत होतीस?"