आम्ही हॅलिबटला गेलो होतो

फेदोस्या आत्याला दुसरा कप चहा पाजलेला माणूस आमच्या गावात अजून जन्माला आलेला नव्हता. पहिला ती प्यायची. साखरेचा खडा दातात धरून, चवीने प्यायची. मग कप बशीत पालथा घालायची. आमच्याकडे कप पालथा पडला की विषय संपला. त्यावर आग्रह करणं म्हणजे चर्चमधून बाहेर पडलेल्याला धरून पुन्हा आत ढकलण्यासारखं. वर म्हणायची, "छान होतं हो गरम पाणी."

आत्या मूळची तानागिकची. ते बेट आमच्या गावापासून चार तासांवर आहे, समुद्र प्रसन्न असेल तर. नसेल तर ते बेट नाहीच असं समजून चालायचं. ती सहा वर्षांची होती, महायुद्ध चालू होतं, आणि एका सकाळी सरकारी जहाज आलं ते तासाभरात सगळं गाव उचलून घेऊन गेलं. युद्ध संपल्यावर सरकारच्या लक्षात आलं की एवढ्याशा गावासाठी एवढ्या लांब जहाज पाठवणं काही बरं दिसत नाही. मग त्या लोकांना आमच्या धक्क्यावर उतरवलं. जहाज आलं त्या सकाळी आत्याच्या आईने एक कप पिऊन दुसरा नुकताच ओतला होता. तो टेबलावरच राहिला. त्यानंतर ती बाई चाळीस वर्षं जगली, पण दुसरा कप म्हटला की मान हलवायची. "माझा दुसरा तिकडे ओतून ठेवलाय," म्हणायची.

आई गेली आणि हा नियम आत्याकडे आला. नियमाबरोबर एक मतही आलं, की चहा काय तो तानागिकच्या ओढ्याच्या पाण्याचा. हे मत तपासून पाहायला मात्र आत्या एकदाही परत गेली नव्हती.

म्हणून आम्ही समिती नेमली.

समितीत तिघं. फादर मकारी अध्यक्ष, कारण तिथे जुन्या चर्चच्या जागी क्रॉस उभा करायचा होता. नेस्तर सभासद, कारण बोट त्याची. आणि मी चिटणीस, कारण पहिल्या बैठकीत पेन माझ्या खिशात होतं. ते बेट आता पाखरांसाठी राखीव आहे. माणसांना उतरायचं तर अँकरेजच्या एका कार्यालयात अर्ज करावा लागतो. तिथे मिस हॅलोवे नावाची बाई होती. आवाज इतका गोड, की तिने अर्ज परत पाठवला तरी भेट आल्यासारखं वाटायचं. अर्जात पहिलाच रकाना होता: निघण्याची तारीख.

पहिल्या वर्षी आम्ही लिहिलं, चौदा जून. चौदा जूनला वादळ. दुसऱ्या वर्षी दोन जुलै. दोन जुलैला धुकं असं, की नेस्तरला धक्का सापडला पण बोट सापडेना. सहाव्या वर्षी आम्ही हुशारी केली आणि तीन तारखा दिल्या, म्हणजे निवडताना समुद्राचा गोंधळ होईल. त्याने तिन्ही घेतल्या. अशी अकरा वर्षं गेली. माझ्या इतिवृत्ताच्या दोन वह्या भरल्या, आणि त्या काळात समिती कुठे गेली असेल तर फादरच्या घरून माझ्या घरी.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पण आम्ही शिकलेली माणसं, त्यामुळे बोलत नव्हतो. आमचे म्हातारे कुठे जाणार ते कधी सांगत नसत. हातात भाला, बोट अर्धी पाण्यात, आणि कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "जरा पाणी बघून येतो." समुद्राला कान आहेत, आणि माणसाने ठरवलेल्या गोष्टीचा त्याला राग येतो. आणि आम्ही काय करत होतो? दरवर्षी तारीख मोठ्या अक्षरांत लिहून दुकानाच्या फळ्यावर लावत होतो. फळा दाराबाहेर. तोंड समुद्राकडे.

यंदा वसंतात आत्याची मुलगी अँकरेजहून आली आणि डॉक्टरांचं म्हणणं सांगून गेली. आत्याचं हृदय आता दवाखान्यापासून इतकं लांब ठेवण्यासारखं राहिलेलं नाही. ऑगस्टमध्ये ती आईला घेऊन जाणार, कायमची. म्हणजे हा एकच उन्हाळा उरला होता.

फादरनी बैठक बोलावली. आम्ही बसलो. त्यांनी आधी खिडकी नीट लागली आहे ना ते पाहिलं.

"समिती बरखास्त करतो. कुणाची हरकत?"

"अकरा वर्षांची समिती, फादर!" मी म्हणालो.

"म्हणूनच."

"मग आता करायचं काय?" नेस्तरने विचारलं.

"काही नाही. मासे पकडायचे."

नेस्तर चांगला माणूस आहे, पण त्याचं इंजिन तापायला वेळ लागतो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "हॅलिबट?"

"हॅलिबट," फादर म्हणाले, आणि त्यांनी कप पालथा घातला.

अर्ज तर करायलाच हवा होता. मी तारखेच्या रकान्यात 'उन्हाळा' लिहिलं. अर्ज परत आला. मग मी एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत एकेक तारीख लिहून काढली. मिस हॅलोवेचा फोन आला. मी आधी खिडकी लावली.

"लिओन्ती साहेब, या एकसष्ट तारखा आहेत."

"हो, मीही मोजल्या."

"तुम्ही एकसष्ट वेळा जाणार?"

"एकदाच. पण कधी, ते त्याला कळता कामा नये."

"कुणाला?"

"बाई, तुमच्या कार्यालयाला खिडकी आहे का?"

ती म्हणाली, "मी शिक्का मारून पाठवते." अकरा वर्षांत माणूस शिकतोच.

जुलै लागला. गावात कुणी काही बोलत नव्हतं, आणि ते इतक्या उत्साहाने, की काहीतरी आहे हे कुत्र्यांनाही कळलं. क्रॉसचे दोन तुकडे नेस्तरच्या बोटीत गेले, विचारलं की तो सांगायचा, "गळाचे दांडे आहेत." आठ फुटांचे गळाचे दांडे पाहून लोक गंभीरपणे मान हलवायचे आणि "मोठा मासा दिसतोय," म्हणायचे. फादरचा पूजेचा झगा आमिषाच्या बादलीत गेला. बादली नवी होती, असं फादर सांगतात.

राहिलं एकच, आत्याला सांगणं. ते चिटणिसाकडे आलं.

आत्याच्या स्वयंपाकघराची खिडकी समुद्रावर उघडते आणि ती पंधरा वर्षं लागत नाही. कुजबुजावं तर आत्याला कमी ऐकू येतं. चिठ्ठी द्यावी तर ती मोठ्याने वाचते.

"आत्या, हॅलिबटला येतेस का?"

"मी? ह्या वयात?" ती पीठ मळत होती. "माझा फ्रीझर भरलाय. तूच मागच्या महिन्यात आणून टाकलास तो अजून संपत नाहीये. आणि होता तोही चिवट."

"अगं, जरा हवापालट."

"हवा इथे कमी आहे का?" त्या क्षणी वाऱ्याने तिचा पडदा आडवा धरला होता.

"नेस्तर म्हणतो, जरा लांब जाऊ. त्या... पश्चिमेच्या बाजूला."

"पश्चिमेला हॅलिबट नसतो. तुझ्या बापालाही माशातलं कळत नव्हतं, आणि तुझं तर विचारूच नको. भाकरी खातोस?"

तळलेली भाकरी खाऊन मी परत आलो. पुढच्या दहा दिवसांत आणखी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा भाकरी खाऊन आलो. फादरना सांगितलं, "ती नाही म्हणते. खरंच हॅलिबट वाटतोय तिला." अकरा वर्षं आम्ही खरं बोललो आणि समुद्राने फजिती केली, आता खोटं इतकं चांगलं जमलं होतं, की जिच्यासाठी बोललो तिलाच ते पटलं.

आणि मग तो दिवस आला. सकाळी उठून पाहतो तर समुद्र ताटासारखा सपाट. वारा नाही, धुकं नाही. असा दिवस आमच्याकडे उन्हाळ्यात एखादा येतो. नेस्तरने इंजिन चालू केलं. फादर बोटीत बसले. मी चढावरून आत्याच्या घरी पळालो, म्हणजे ज्या वेगाला सहासष्टाव्या वर्षी पळणं म्हणतात तसा.

आत्या घरातल्या चपला घालून बसली होती.

"आत्या, चल."

"नाही म्हटलं ना. हॅलिबटच्या गालाचं मांस तेवढं आण माझ्यासाठी. बाकीचा तुम्हीच खा."

"आत्या, आजचा दिवस बघ कसा आहे!"

"बघितला. डोळे शाबूत आहेत माझे."

मी खिडकीकडे पाहिलं. समुद्र गप्प होता, पण गप्प माणूसच सगळं ऐकत असतो. ऑगस्टला तीन आठवडे उरले होते. मी मनात म्हटलं, चुलीत गेला समुद्र, सांगून टाकू. निदान तिला कळेल तरी की आम्ही विसरलो नव्हतो. मी तोंड उघडलं.

"आत्या, आम्ही खरं तर ता..."

तिने समोरच्या ताटलीतली आख्खी भाकरी माझ्या तोंडात कोंबली. एकोणऐंशी वर्षांच्या बाईच्या मानाने हात फार चपळ होता.

"खा. रिकाम्या पोटी बडबड सुचते तुला." मग खिडकीकडे तोंड करून, ठणठणीत आवाजात, "मी काही येत नाही! धक्क्यापर्यंत येते फक्त. निरोप द्यायला. तेवढाच पायांना व्यायाम."

तिने रेनकोट चढवला. आत चर्चला जाताना घालायचा निळा पोशाख होता, इस्त्री केलेला. दाराशी एक बादली झाकून ठेवलेली होती. ती तिने माझ्या हातात दिली. आत किटली खुळखुळली.

धक्क्यावर ती नेस्तरला म्हणाली, "बोट गळते म्हणे तुझी."

"नाही आजी! कोण म्हणतं?"

"मी बघितल्याशिवाय मानणार नाही. हात दे." बोटीत उतरून तिने तळाकडे सावकाश पाहिलं, मग मधल्या फळीवर बसली. "अरे, आता एवढं उतरलेय तर पुन्हा कोण चढणार? चला. हॅलिबट वाट बघत बसत नाही."

भूशिर मागे पडलं. मग आत्या मला म्हणाली, "लिओन्त्या, अकरा वर्षं मी ह्या दिवसाची वाट बघतेय, आणि तू भाकरीपायी घालवणार होतास. तीनदा आलास. तीनदा! हॅलिबटसाठी कुणी म्हातारीला तीनदा विचारतं का? एकदा विचारायचं आणि गप्प बसायचं."

"तुला माहीत होतं?"

"कशाबद्दल बोलतोस? मी तर गळती बघायला आलेय."

फादर पुढे गळ टाकून बसले होते, दिखाव्यापुरता. अर्ध्या वाटेत त्या गळाला खरोखरच हॅलिबट लागला. साठ पौंडांचा, दाराएवढा, आणि धार्मिक वृत्तीचा मुळीच नाही. तो ओढण्यात पाऊण तास गेला. नेस्तर आकाशाकडे बघत कुरकुरत होता. "दोरी कापा फादर, उशीर होतोय."

"कापू नका," आत्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली. "त्याला वाटू दे की आपण खरं बोललो."

दुपारी तानागिकला पोहोचलो. उतरताना आत्याला आम्ही दोघांनी धरलं, आणि वाळूवर पाय टेकल्यावर तिने आम्हाला सोडलं. कमरेएवढं गवत. घरांच्या जागी खड्डे, खड्ड्यांतही गवत, आणि कोल्ह्याची एक पायवाट. सहाव्या वर्षी सोडलेल्या गावातून ती रोजच्यासारखी चालत गेली, डावीकडे वळली आणि एका खड्ड्याच्या काठाशी थांबली.

"चूल इथे," ती म्हणाली. एवढंच.

चर्चच्या जागी क्रॉस उभा केला. फादरचा झगा बाहेर निघाला. बादली नवी होती या त्यांच्या म्हणण्यावर माझा आता विश्वास नाही. तिथल्या मेलेल्यांची नावं फादरनी वाचली, आम्ही गायलो. समोरच्या कड्यावरची पाखरं आमच्यापेक्षा मोठ्याने गायली.

मग मी ओढ्यावरून किटली भरून आणली. वाहून आलेल्या लाकडांची शेकोटी केली. आत्या त्या खड्ड्याच्या काठावर बसली, साखरेचा खडा दातात धरला आणि चहा प्यायली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत. सत्तर वर्षांचं मत पणाला लागलं होतं.

"कसाय?" नेस्तरला राहवेना.

आत्याने घोट गिळला. ओढ्याकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं.

"गरम पाणी आहे," ती म्हणाली.

कप रिकामा झाला. मी बशी पुढे केली, पालथा घालायला. तिने बशीकडे पाहिलंच नाही. कप माझ्यापुढे धरला.

"ओत."

मी ओतला. तो दुसरा कप ती फार सावकाश प्यायली. नेस्तरने एकदाही आकाशाकडे पाहिलं नाही. संपल्यावर तिने कप चुलीच्या जागी गवतात पालथा घातला आणि तिथेच ठेवला. "चला," म्हणाली. "वारा फिरतोय."

संध्याकाळी धक्क्यावर सगळं गाव उभं होतं. सहज आले होते म्हणे. कुणी विचारलं, "काय मिळालं?" नेस्तरने हॅलिबट उचलून दाखवला. लोकांनी फार कौतुक केलं. इतकं कौतुक साठ पौंडांच्या माशाचं आमच्याकडे होत नाही.

ऑगस्टमध्ये आत्या अँकरेजला गेली. परवा तिच्या मुलीचा फोन होता. "लिओन्ती, आईला काय झालंय? कुणाकडेही गेली की दोन-दोन कप चहा पिते. आणि वर नावं ठेवते."

"वय झालं," मी म्हणालो.

मागून आत्याने फोन ओढून घेतला. "लिओन्त्या? ऐक. इथला फ्रीझर फार मोठा आहे रे. पुढच्या उन्हाळ्यात हॅलिबट कमी पडेल असं वाटतंय."

"थांब आत्या," मी म्हणालो, आणि उठून आधी खिडकी लावली.