एका रेघेचे औषध

मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. दचकू नका मित्रांनो, माझी सुई केव्हाच काढून टाकली आहे. आता मी तुमच्या कपाटात मऊ फडक्यावर पडून असते. तरुणपणी मात्र मला नुसते पाहून भलेभले चळाचळा कापायचे.

कारागिराने माझ्या अंगावर रेघा कोरल्या आणि मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात रुजू झाले. रोज उकळत्या पाण्यात आंघोळ, मग काम. टाके घालण्याआधी जागा बधिर करायची. आमचे जुने औषध भारी भिडस्त. मज्जातंतूंवर स्निग्ध आवरण असते आणि याला चरबीत विरघळायचे जिवावर यायचे. बरेचसे बाहेरच रेंगाळायचे, म्हणून चार रेघा भरावे लागे.

मग नवे औषध आले. बाईंनी सिस्टरना बजावले, "हे चरबीत पटकन विरघळतं. मज्जातंतूत झटकन शिरतं, म्हणून एकच रेघ पुरे. जास्त गेलं तर हृदयाला बाधेल."

दुसऱ्याच दिवशी एक सुतार आपल्या लहानग्या मुलीला उचलून धावत आला. बापाच्या पटाशीने तिचे बोट चिरले होते. तिने रडून दवाखाना डोक्यावर घेतला. त्या गडबडीत सिस्टरच्या हाताने वीस वर्षांच्या सवयीने नव्या औषधाच्या चार रेघा भरल्या! मला तोंड असते तर मी किंचाळले असते. बाईंनी मला हातात घेतले, मुलीचे बोट धरले.

सिस्टरची नजर हातातल्या बाटलीवर गेली.

"बाई, थांबा! मी जुन्या मापानं भरलंय."

"म्हणजे काय?" सुतार ओरडला.

"म्हणजे माझं चुकलं, दादा."

बाई शांतपणे म्हणाल्या, "वेळेवर बोललात, बरं झालं." तीन रेघा औषध बेसिनमध्ये गेले. उरलेल्या एका रेघेने बोट असे बधिर झाले, की पोरीने आपले टाके स्वतःच मोठ्याने मोजले. मला तिचा फार लळा लागला.

मित्रांनो, मला पुसून नीट ठेवता, त्याचे सुख वाटते. पण त्याहून जास्त जपा "माझं चुकलं" म्हणणाऱ्या माणसाला. त्याच्यावर खेकसू नका. बाई खेकसणाऱ्या असत्या, तर सिस्टर त्या दिवशी गप्प राहिल्या असत्या, आणि सुतार कदाचित एकटाच घरी गेला असता.