मत्तयाचे दोन शब्द

भावाची बायको दुसऱ्या माणसाबरोबर निघून गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. कोर्टातून घटस्फोटही झाला होता. एवढ्या वर्षांत ताईने त्याला ‘पुन्हा लग्न कर’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. म्हणणार कशी? चर्चमध्ये मोठ्या माणसांना धर्मशिक्षण द्यायचं काम तिच्याकडे होतं, आणि शिकवण स्वच्छ होती: लग्नाची गाठ मरणानेच सुटते.

भावाचं काचेचं दुकान होतं. त्या दिवशी ती गेली तेव्हा तो खिडकीची तावदानं कापत होता. औषधांच्या दुकानातल्या बाईशी आपण नोंदणी पद्धतीने लग्न करतोय आणि साक्षीदार म्हणून ताईचीच सही हवी, हे त्याने मान वर न करता सांगून टाकलं. मग हात पुसून बायबल काढलं. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय. पानात खूण आधीच घातलेली.

“बायको टाकून दुसरी करणारा व्यभिचारी,” तो म्हणाला. “बरोबर. पण मध्ये काय लिहिलंय? ‘व्यभिचाराच्या कारणाशिवाय.’ व्यभिचार कुणी केला, मी?”

ताईला हे तोंडपाठ होतं. मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ही सवलतच नाही, तिने सांगितलं. काही अभ्यासक म्हणतात, मूळ ग्रीक शब्द जवळच्या नात्यातल्या निषिद्ध लग्नांबद्दल आहे, म्हणजे जी मुळात लग्नंच नव्हेत. काही म्हणतात, अशा बायकोपासून वेगळं राहायची मुभा आहे, दुसरी करायची नाही.

“म्हणजे अर्थ दोन, आणि दोन्ही माझ्यावरच उलटणारे,” भाऊ म्हणाला आणि पुन्हा काचेकडे वळला.

तिने हातापाया पडून त्याला फादरांकडे धाडलं. तिथून तो तणतणत तिच्या घरी आला. फादरांनी चर्चच्या न्यायालयात अर्ज करायला सांगितलं होतं. पहिलं लग्न सुरुवातीपासूनच वैध नव्हतं असं ठरलं, तर वाट मोकळी.

“ताई, आमचं बाळ गेलं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना धरून बसलो होतो. तू होतीस तिथे. ते लग्न नव्हतं तर काय होतं? लग्न होतं. मोडलं. मोडलं म्हणायला यांची हरकत, आणि झालंच नव्हतं म्हणायला मी तयार नाही.”

तसं ठरलं तरी तुमची माया खोटी ठरत नाही, ती म्हणाली. चर्च खरोखर तसंच सांगतं. पण बोलताना तिला स्वतःचाच राग आला. वर्गात हेच वाक्य किती सहज निघायचं! त्याने ऐकून घेतलं आणि चहा अर्धा टाकून गेला.

मग ती स्वतः फादरांकडे गेली. सही करू की नको? मला विचारशील तर करू नकोस, फादर म्हणाले, पण निर्णय तुझ्या सद्सद्विवेकबुद्धीचा.

“बाकी सगळं तुम्ही ठरवून दिलंत, फादर,” ती म्हणाली. “नेमकं हेच तेवढं माझ्या गळ्यात?”

फादर दुखावले. तिने माफी मागितली, पण मनापासून नाही.

नोंदणीच्या दिवशी ती गेली. साहेबाने पेन पुढे केलं तेव्हा तिचा हात काही उठेना. शेवटी औषधांच्या दुकानाच्या मालकाने सही केली. नवी वहिनी तिच्याकडे बघून हसली, त्यामुळे तर तिला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर पायऱ्यांवर भाऊ म्हणाला, “आलीस, पुष्कळ झालं.” त्याला पुष्कळ झालं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता तो रविवारी चर्चमध्ये मिस्सेला येतो. मागच्या बाकावर बसतो आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी जागचा हलत नाही. पहिलं लग्न रद्द न ठरवता दुसरं करणाऱ्याला तो प्रसाद घेता येत नाही; नियम म्हणजे नियम. तिनेच त्याला तो समजावला होता, तरी प्रसादाच्या रांगेत पुढे सरकताना त्याची मान खाली घातलेली दिसली की तिच्या तळपायाची आग मस्तकाला जाते. भावावर चिडते, फादरांवर चिडते, पळून गेलेल्या बाईवर तर चिडतेच. कधी कधी मत्तयावरही. घालायचेच होते ते दोन शब्द, तर जरा उलगडून तरी लिहायचे.

वर्गात कुणी त्या ओळीबद्दल विचारलं तर ती अजूनही दोन्ही अर्थ चोख सांगते. सांगून झालं की तिला कुणाशी तरी कडाकडा भांडावंसं वाटतं. समोर बसलेले मात्र मुकाट्याने माना डोलावत असतात.