जासईची पडवी

माझी नात प्रिया रायफल नेमबाज आहे. दहा मीटर एअर रायफल हा तिचा प्रकार. राज्याची पदकं तिच्याकडे कधीची आहेत, राष्ट्रीय स्पर्धेतलं एक रौप्यही आहे. यंदा भारताच्या संघाची निवड चाचणी महिन्यावर आली, तेव्हा घरात सगळे तिच्या गुणांची चर्चा करत होते. माझ्यापुढे मात्र एकच प्रश्न होता. हा महिना ती माझ्याजवळ ऐरोलीला राहणार, की तिच्या आईच्या आईकडे, जासईला? हा प्रश्न कुणाला छोटा वाटेल. मला त्यापायी जेवण जात नव्हतं.

कारण तिला या खेळात नेणारी मी. ती सातवीत होती, सुट्टीतल्या शिबिरात तिने पहिल्यांदा रायफल धरली आणि वाशीच्या कमळाकर सरांनी तिला रेंजवर बोलावलं. माझा मुलगा हरेश आणि सूनबाई सुचिता दोघेही नोकरीवर. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली. रोज दुपारी बसने आम्ही दोघी निघायचो. खिडकी तिची, आणि पुढे सरांनी घरच्या सरावाला रायफल दिली तेव्हा ती लांबडी पेटी माझ्या मांडीवर. एकदा कंडक्टरने विचारलं, आजी, आत वीणा आहे का, भजनाला निघालात? मी हो म्हणाले. बंदूक म्हटलं असतं तर बस वाशीपर्यंत गेली नसती. पोर खिडकीकडे तोंड करून हसत राहिली. पहिलं पदक मिळालं तेव्हा पेपरात फोटो आला. त्यात मी अर्धीच आले होते, पण साडी ओळखू येत होती.

तेव्हा आमचं ऐरोली गावातलं जुनं घर होतं. ओटीच्या टोकाला उभी राहून ती नेम धरायची आणि मी दारात तांदूळ निवडत बसायचे. मग हरेशने ते घर पाडून चार मजली इमारत उभी केली. खाली भाडेकरू, वर आम्ही. लिफ्ट आली, चकचकीत फरशा आल्या, आणि भिंती इतक्या आल्या की कुठूनही कुठे सलग दहा मीटर मिळेनात.

रखमाबाईंच्या, म्हणजे माझ्या विहीणबाईंच्या, जासईच्या घराला पडवी आहे. लांबच लांब. तिच्या टोकाला एक लोखंडी पेटी ठेवली, पेटीत कागदी लक्ष्य लावलं, वर दिवा सोडला आणि प्रियाची सोय झाली. आधी ती फक्त शनिवार-रविवार जायची. मग कॉलेजही तिथूनच करू लागली. कपाटातून तिचे रोजचे कपडे गेले, मग थंडीचे गेले, शेवटी उशी गेली. उशी गेली त्या दिवशी मी समजायचं ते समजले.

मला ती आजी म्हणते. त्यांना आयू म्हणते. हे आयू कुठून निघालं, कुणी सांगत नाही.

तिचे गुण मात्र तिथे वाढले, हे खोटं बोलून चालणार नाही. रौप्य मिळालं तेव्हा जासईच्या नाक्यावर फलक लागला. मध्ये रायफल घेतलेली प्रिया, कोपऱ्यात हात जोडलेल्या रखमाबाई, खाली ठळक अक्षरांत 'जासईची लेक'. लेक आमची, आडनाव आमचं, आणि गाव जासई! ऐरोलीतही फलक लाव असं मी हरेशला सांगितलं. तो म्हणाला, आता महिन्याने लावला तर लोक हसतील. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

चाचणी जवळ आली तशी मी मोजपट्टी काढली. हॉलच्या गॅलरीला टाच लावली, तिथून पॅसेज धरून हरेश-सुचिताच्या खोलीतल्या कपाटापर्यंत मापलं. मध्ये त्यांच्या खोलीचं दार येत होतं. ते पूर्ण उघडलं तरी त्याची कड नेमक्या रेषेत. दार बिजागरीतून काढलं आणि कपाट सरकवलं तर दहा मीटर बरोब्बर बसत होते. हरेश म्हणाला, आई, आम्ही झोपायचं कसं? एक महिना दार नसलं तर काही बिघडत नाही, तुमचं वय झालं आता, असं मी म्हणाले. सुचिता उठून स्वयंपाकघरात गेली.

प्रिया आली. उशी घेऊन आली. रखमाबाईंनी तिच्याबरोबर सुका जवळा पाठवला होता, तो मी खालच्या भाडेकरणीला दिला.

कपाटाच्या जागी लोखंडी पेटी ठेवून लक्ष्य लावलं. मग मी घर शांत केलं. टीव्ही बंद. दाराच्या घंटेची वायर काढून ठेवली. कुकरची शिट्टी नको म्हणून भात पातेल्यात. खालच्यांना जिन्यात बोलायचं नाही म्हणून बजावलं. ती जाड, ताठ जॅकेट चढवून गॅलरीपाशी उभी राहिली की मी कोपऱ्यातल्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसायचे. ती कोपर कमरेवर टेकवायची, गाल रायफलला लावायची, बराच वेळ तशीच राहायची, आणि छर्रा न सोडताच रायफल खाली घ्यायची. पुन्हा उचलायची. सोडला तर मधल्या दहाऐवजी नऊवर जायचा, कधी आठवर. पहिला आठवडा असाच गेला. कमळाकर सरांचा फोन आला, हिला झालंय काय?

मला रखमाबाईंचाच संशय आला. फोन करकरून पोरीचं मन उडवत असणार. तुझ्या आईला जरा सांग, असं मी सुचिताला सुचवलं. ती घडी घालत असलेला कपडा तसाच धरून म्हणाली, "आई, ती फोन करत नाही. तुम्ही प्रियाला इथे आणलंत म्हणून ती रुसून बसलीय."

त्याच संध्याकाळी प्रियाने रायफल स्टँडवर ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"आजी, मी सराव करते तेव्हा आयू काय करत असते, माहितीय?"

मी म्हटलं, मला कसं माहीत असणार.

"मासे साफ करते. मांजराला शिव्या घालते. बाहेर कंटेनरवाले हॉर्न मारत असतात आणि ती सारखी बोलत असते. माझ्याकडे बघतपण नाही."

"म्हणजे मी बघते ते चुकतं."

"तू बघतेस ते मला मानेवर कळतं. दहा लागला नाही की तुझा श्वास अडकतो, मग माझापण अडकतो. आणि फायनलला लोक बोंबलतात गं, गाणी लावतात. या शांततेची सवय लागली तर तिथे माझं काय होईल?"

मी उठले. मग जा जासईला, म्हटलं, बॅग भरून देते. आवाज चढला असेल माझा. दार काढलं, कपाट सरकवलं, भात पातेल्यात शिजवला, आणि जिंकल्या रखमाबाई, मासे साफ करून.

"मी कुठे जात नाहीये," प्रिया म्हणाली. "तू फक्त बोल. आयू बोलते तसं."

"त्या असं काय बोलतात?"

ती जॅकेटची बकलं उगाच चाचपत राहिली. "तुझ्याबद्दल."

मी खुर्चीत बसले. सगळं सांग म्हटलं, काही गाळू नकोस. तिने आढेवेढे घेतले आणि मग रखमाबाईंचाच सूर काढला. "मास्तरीन हाय ती, घरात पन हजेरी घेते. पेपरात फोटू कोनाचा, तर तिचा. बशीतना नेली म्हनून पोर काय एकटीची झाली तिची?"

"अजून?"

"अजून खूप आहे. अडीच वर्षं तुझ्या उखाळ्यापाखाळ्या ऐकत नेम धरलाय मी."

म्हणजे मी इथे फलकावरून जळत होते, आणि तिथे त्या बसवरून जळत होत्या. त्या अर्ध्या फोटोवरून! मला इतकं बरं वाटलं की चेहरा सरळ ठेवणं जमेना. पाठोपाठ रागही आला. मास्तरीण काय, हजेरी काय. आणि हे सगळं माझ्याच नातीच्या कानात, आणि ते ऐकत तिने पदकं मिळवायची!

मी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढली, प्रियाकडे पाठ करून बसले आणि गवारीची परात मांडीवर घेतली. माझी आठवण चांगली आहे. हरेश-सुचिताच्या साखरपुड्यापासून सुरुवात केली. तास दीड तास उशिरा आलेली मंडळी, आल्या आल्या रखमाबाईंनी मांडवाला ठेवलेली नावं, त्यांच्या धाकट्या दिराने उष्टी टाकलेली जिलबी. मागे काही वेळ प्रियाचं हसू ऐकू येत होतं. मग ते थांबलं. लोखंडी पेटीत छर्रा ठणकला.

"पुढे?" तिने विचारलं.

मी गवारीची शीर ओढली आणि पुढे सांगू लागले. चाचणीला तीन आठवडे होते, आणि मी अजून हळदीच्या दिवसापर्यंतसुद्धा पोचले नव्हते.