तिसरा ठोका

"शर्ट काढ, पप्पा. आणि सारखा फोनकडे बघू नकोस."

"अख्ख्या विद्यापीठासमोर उघडा होऊ? निदान बाईंना कॉफी तरी विचार."

खिडकीत कॉफीच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये परीक्षक एल्द्रिड हसल्या. सुन्निवा हसली नाही. साथीने ट्रोम्सो शहरातल्या हॉस्पिटलचे वॉर्ड बंद केले आणि वैद्यकीचे विद्यार्थी आपापल्या गावी पांगले. आता परीक्षाही घरातच होती. घरातले एक माणूस घ्यायचे आणि त्याचे हृदय तपासून दाखवायचे. हात कुठे आणि कसे जातात, तेवढेच एल्द्रिड पाहणार होत्या.

फोनवरच्या शिक्षणावर बाकीचे कुरकुरत असताना सुन्निवा एकटी त्याची बाजू घेऊन भांडली होती. वॉर्डात सगळ्यांच्या पाठी उभे राहून तिला कधी काही ऐकूच आले नव्हते. फोनमध्ये प्रत्येक हृदय तिच्या एकटीसाठी धडधडत होते. "तू लग्नही फोनशीच कर," असे तिचा वर्गमित्र यॉर्न म्हणाला होता.

"डाव्या कुशीवर हो, पप्पा."

तिचा बाप ओडवार भिंतीकडे तोंड करून बाकावर कलंडला. पायमोज्यांच्या काठांनी त्याच्या घोट्यांवर खोल वळ उमटवले होते. तिने स्टेथोस्कोपची खोलगट बाजू छातीवर अलगद टेकवली.

दोन ठोके. आणि त्यांच्या मागोमाग आणखी काहीतरी, धक्क्याला बांधलेली होडी अंधारात हलकेच धक्क्यावर टांगलेल्या टायरवर आदळावी तसे. आवाज नव्हे, आवाजाची सावली.

थकत चाललेल्या हृदयाचा हा तिसरा ठोका तिने फोनमध्ये दर वेळी अचूक ओळखला होता. आता तिला उमगले की तो तिने ऐकला कधीच नव्हता. पडद्यावर आवाजासोबत एक रेघ धावत असे. त्या रेघेचा छोटा उंचवटा ती वाचत होती. इतका खोल आवाज फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून निघतच नाही. इथे रेघ नव्हती. फक्त बापाची पाठ होती.

तिने स्टेथोस्कोप घट्ट दाबला. दाबताच तिसरा ठोका नाहीसा झाला. दोन ठोके, स्वच्छ.

"काय ऐकू येतंय?" एल्द्रिडनी विचारले.

"दोन ठोके. नॉर्मल."

"छान. हात उत्तम चालतात तुझे. पास."

"बघ!" ओडवार उठून बसला आणि श्वास सावरत राहिला. "आता मला सरकारी डॉक्टरची गरजच नाही. उद्या पहाटे मोसमातला शेवटचा कॉड मासा आणतो, कलेजी घालून मस्त शिजवू." तो होडीवर एकटाच जात असे. हा सबंध हिवाळा तो खुर्चीत बसून झोपला होता. पाठीला बरे वाटते, म्हणे.

"एल्द्रिड, थांबा," सुन्निवा म्हणाली. "मी दाबलं. दाबायचं नसतं, खोल आवाज दबून जातो. तिथे तिसरा ठोका आहे."

"सुन्निवा, पास झालीस ना? मग बंद कर ते यंत्र," ओडवार म्हणाला.

"फोन छातीला लाव," एल्द्रिड म्हणाल्या. तिने लावला. एल्द्रिडनी आपला कान पडद्याला भिडवला. "नुसती खरखर येतेय. माझ्यापर्यंत काही पोचत नाहीये, पोरी. तूच सांगायचंस. नक्की आहे?"

तिने फोन डब्याला टेकवला, पुन्हा बापाला कुशीवर वळवले, पुन्हा अलगद ऐकले. होडी टायरवर आदळली. पुन्हा आदळली.

"आहे."

"मग आजच हॉस्पिटलला फोन कर. आणि त्यांना समुद्रावर जाऊ देऊ नकोस."

ओडवारने शर्टाची बटणे लावली. एक चुकले, सोडून पुन्हा लावले. "तुला शिकायला पाठवलं ते हे ऐकायला होय?" तो म्हणाला. आवाजात राग शोधूनही तिला सापडला नाही.

"मी गप्प बसले असते तर तू गेला असतास."

"गेलो असतो," तो म्हणाला आणि दार ओढून बाहेर पडला.

ती खिडकीशी धावली. वाळत टांगलेल्या कॉडच्या रांगांखालून तो धक्क्याकडे उतरत होता. तिने फोनवर हॉस्पिटलचा नंबर लावला. तिकडे घंटी वाजत राहिली. खाली त्याने होडीतून दुसरा दोर काढला आणि एप्रिलच्या स्वच्छ उन्हात, हिवाळी वादळाआधी बांधतात तशी, होडी दुहेरी बांधू लागला. गाठ मारताना मध्येच थांबला. एक हात खुंटावर ठेवून, श्वास परत येईपर्यंत, ताठ उभा राहिला.